शून्यावर लाल

माझी आत्या सोळा दिवस लाल होती, आणि तिला लाल करणारी मी होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी इतरांवर तोंडसुख घेणार आहे, तेव्हा कुणी म्हणायला नको की ही स्वतःला सोडून बोलते.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बत्तीस वर्षं काढली, लग्न केलं नाही, आणि चार वर्षांपूर्वी एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा आला म्हणून आपणहून वृद्धांच्या निवासात राहायला गेली. ती त्याला वसतिगृह म्हणते. कुणी आश्रम म्हटलं की विचारते, "मी काय संन्यास घेतलाय?" दुसऱ्या मजल्यावर खिडकीची खोली तिने भांडून मिळवली. रोज चार वाजता ती बाहेर पडायची. चौकातल्या स्टॉलवरून पेपर घ्यायचा, अग्निशमन केंद्रापर्यंत जायचं, उभ्या गाड्या मोजायच्या आणि मागच्या रस्त्याने परत. पन्नास मिनिटं. काठी नाही, सोबत नाही. एकदा मी सोबत गेले तर अर्ध्या रस्त्यात मला म्हणाली, तू फार बोलतेस, माझी चाल बिघडते.

मी पाणीमीटरच्या ऑफिसात तक्ते सांभाळते. सबंध शहराचं पाणी माझ्या रकान्यांतून वाहतं असं मी गमतीने म्हणते, आणि ऑफिसात कुणालाच हसू येत नाही. वर्षापूर्वी निवासाच्या व्यवस्थापकांनी मला गाठलं. दर गुरुवारी व्यायामाच्या डॉक्टर येतात, त्यांना झटकन कळायला हवं की गेल्या तीन महिन्यांत कोण एकापेक्षा जास्त वेळा पडलं. तुम्ही तक्त्यातल्या आहात, एवढं करून द्या. मी करून दिलं. तीस माणसं, तीस ओळी. खोली, नाव, वय, किती वेळा पडले, शेरा. आणि त्या 'किती वेळा' रकान्याला मी एक नियम लावला: आकडा एकाहून मोठा झाला की तो चौकोन आपोआप लाल. फक्त तो चौकोन. नाव नाही, खोली नाही, ओळ नाही. दोन मिनिटांचं काम होतं आणि त्याबद्दल मला एक पेन भेट मिळालं.

मग वर्षभर मी त्या तक्त्याचं तोंड पाहिलं नाही.

आत्याला मी दर रविवारी फोन करते. दोन रविवार ती म्हणाली, नाही गेले बाहेर. मला वाटलं, कंटाळली असेल. माझंच चुकलं. जी बाई तापात असतानाही चार वाजता चपला घालते, ती कंटाळत नसते. शुक्रवारी तिनेच फोन केला, आणि ती स्वतःहून फोन करत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडले, आता पुरे, असं तिचं म्हणणं.

"मी लाल आहे," ती म्हणाली. "सोमवारी मला खाली नेणार आहेत."

खाली म्हणजे तळमजल्यावरचा मोठा हॉल. आठ खाटा, एक परिचारिका आणि बाहेरून कडी. मी विचारलं, तू पडलीस का. ती म्हणाली, पडले असते तर तुला आधी मीच सांगितलं नसतं का, आणि मग स्वतःच म्हणाली, नसतं सांगितलं, पण पडले नाही. मी शनिवारची रजा टाकली.

गेटवर गेटवाल्याच्या टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद होता. माझाच तक्ता, रंगीत छापलेला. आठ नावं लाल, त्यात आत्याचं. मी त्याला विचारलं, हे काय. तो म्हणाला, लालवाले सोडायचे नाहीत. किती सहज म्हणाला. लालवाले. जणू ती कुठली तरी जात आहे.

आत गेल्यावर कळलं की रंग गेटवर थांबलाच नव्हता. स्वयंपाकघरात तोच कागद भिंतीला चिकटवला होता आणि लाल माणसांना सगळं जेवण कुस्करून दिलं जात होतं. आत्याचे सव्वीस दात स्वतःचे आहेत. मजल्यावर लाल खोल्यांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या होत्या, म्हणजे कुणीही कधीही दार ढकलून आत यावं. हे कुणी ठरवलं, असं मी तीन जणांना विचारलं. तिघांनीही एकच उत्तर दिलं: तक्त्यात आहे ना. तक्त्यात काय आहे, ते एकालाही सांगता आलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली, आणि त्या रागात थोडी लाजही होती, कारण तो तक्ता कुणाचा हे मला ठाऊक होतं.

आत्या तिच्या खोलीत खिडकीशी बसली होती. चपला पायात होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चार वाजता घालते, पाच वाजता काढते. सवय मोडायला नको." तिच्या मांडीवर आजचा पेपर होता. तो शेजारच्या खोलीतले मास्तर आणून देत. मास्तर एक्याऐंशी वर्षांचे, भूमिती शिकवायचे, चालताना डावा पाय थोडा ओढतात. ते लाल नव्हते. म्हणून गेले सोळा दिवस ते रस्ता ओलांडून चौकात जात होते आणि ही आत बसून होती.

मी सरळ ऑफिसात गेले.

व्यवस्थापक वाईट माणूस नाही, हे मी रागातही कबूल करते. दोन वर्षांपूर्वी इथले एक आजोबा बाहेर गेले आणि संध्याकाळपर्यंत सापडले नाहीत, तेव्हा निवास चालवणाऱ्या मंडळाने याला फार बोलून घेतलं होतं. तेव्हापासून तो घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला कुणीतरी आयता रंग दिला की तो त्याला घट्ट धरून बसतो. मी म्हटलं, माझ्या आत्याच्या नावापुढे शून्य आहे, ती एकदाही पडलेली नाही, मग ती लाल कशी?

"शून्य असेल," तो म्हणाला, "पण लाल आहे ना."

त्याने समजुतीच्या सुरात पुढचं सांगितलं. त्यांनाही आधी शंका आली होती. कॉम्प्युटरवर नोंदी करणाऱ्या बाईंनी आत्याचं नाव निवडून चक्क पांढरा रंग देऊन पाहिला होता. एकदा नाही, तीनदा. तरी लालच. म्हणजे काहीतरी असणारच, मॅडम. आपल्याला दिसत नसेल, पण मशीनला कळत असेल.

हाताने दिलेला रंग खाली राहतो आणि नियमाने आलेला रंग त्याच्यावर बसतो, एवढीच ती गोष्ट. तुम्ही दहा वेळा पांढरा फासा, नियम आहे तोवर वरून लालच दिसणार. ते मशीनचं ज्ञान नाही, मशीनचा हेका आहे. मशीनने ऐकलं नाही म्हणून यांनी त्याला शहाणं ठरवलं, आणि आत्याने ऐकलं नाही म्हणून तिला हट्टी. मी हे सगळं बोलून दाखवलं, जरा मोठ्यानेच. मग नोंदवाल्या बाईंना उठवून त्यांच्या खुर्चीत बसले.

तक्ता उघडला आणि मला माझंच काम ओळखू येईना. मी एक नियम लावला होता, तिथे अकरा झाले होते. कसे झाले ते बाईंनी खाली मान घालून सांगितलं. नवीन माणूस राहायला आलं की त्या वरची अख्खी ओळ कॉपी करून खाली चिकटवत आणि नाव बदलत. सगळं परत कोण टाईप करणार? पण ओळीबरोबर नियमही चिकटत जातो, आणि कापडाच्या तुकड्यांसारखे त्याचे तुकडे पडतात. त्यात साहेबांना लाल चौकोन आवडला. ते म्हणाले, एवढासा कशाला, अख्खी ओळ लाल करा, नाव लांबून दिसलं पाहिजे. बाईंनी नियम उघडला आणि 'कुठे लागू' या जागी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळा तक्ता लिहून टाकला. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी शोधून काढलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचं कौतुक वाटलं.

पण एवढ्यानेही कोडं सुटेना. ओळ लाल होणार ती ज्याचा आकडा मोठा त्याची. शून्यवाली का व्हावी? मी नियम वाचला, पुन्हा वाचला. आत्याच्या चौकोनात लपलेलं काही आहे का ते पाहिलं. शून्य पुसून परत लिहिलं. लालच. माझे कान गरम झाले. व्यवस्थापक मागे उभा राहून हळूच म्हणाला, बघा, मी म्हणत होतो. तेवढ्यात दारातून आवाज आला की सरक जरा, मला बघू दे. आत्या लिफ्टने खाली आली होती. तिच्या मागे मास्तर होते; तिने त्यांना बरोबर आणलं होतं की ते आपणहून आले होते, हे त्या दोघांच्या बाबतीत कधीच कळत नाही.

तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पडद्याकडे असं पाहिलं, जसं ती बोर्डाकडे पाहत असणार.

"माझ्या खालच्या ओळीत कोण आहे?"

मी म्हटलं, मास्तर.

"त्यांचा आकडा?"

दोन.

"मग हा त्यांचा फोन आहे," आत्या म्हणाली. "माझ्या घरी वाजतोय."

तिने समजावून सांगितलं. बोर्डावर भोकांच्या ओळी असायच्या. नवीन मुलगी आली की हमखास एक चूक करायची: पहिलं भोक मोजायलाच विसरायची. मग प्रत्येक तार एका घराने सरकायची. डॉक्टरांचा फोन वखारीत, वखारीचा फोन शाळेत. मुलगी शपथेवर सांगायची, मी बरोबर जोडलंय. तिचं जोडणं बरोबरच असायचं, मोजणं कुठून सुरू केलं ते चुकलेलं असायचं.

मी पडद्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. माझा नियम दुसऱ्या ओळीपासून लिहिलेला होता, कारण पहिल्या ओळीत रकान्यांची नावं असतात. बाईंनी तो पहिल्या ओळीपासून लागू केला. त्यामुळे पहिली ओळ दुसरीचा आकडा बघत होती, दुसरी तिसरीचा, आणि माझी आत्या मास्तरांचा. प्रत्येक जण खालच्याच्या पडण्याने लाल होत होता. पुरावा तर सगळ्यात वर नाकासमोर होता: 'खोली', 'नाव', 'वय' हे मथळेही लाल होते. मथळा काय न्हाणीघरात घसरला होता? पण पहिल्या खोलीतले आजोबा तीनदा पडले होते आणि त्यांचा रंग मथळ्याला लागला होता. सोळा दिवस इतक्या लोकांनी ते लाल मथळे पाहिले, आणि सगळ्यांना वाटलं की शोभेसाठी केलंय.

मी अकरा नियम पुसले आणि एक लिहिला. दुसऱ्या ओळीपासून. आत्या पांढरी झाली.

आणि मास्तर लाल झाले.

मास्तरांनी पडद्यावर स्वतःचं नाव वाचलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. दोनदा पडलोय मी." मग जरा थांबून आत्याला म्हणाले की पेपर आता तुम्हीच आणा, ऑपरेटर, आणि माझ्यासाठी शब्दकोड्याचं पान फाडू नका. ते हसत होते, पण त्यांचा हात खुर्चीची पाठ शोधत होता. मी आत्याला सोडवायला आले होते आणि तिला सोडवली होती. कडी फक्त एका दारावरून काढून शेजारच्या दाराला लावली होती, आणि तीही अगदी बिनचूक.

व्यवस्थापकाचा मात्र चेहरा उजळला. त्याने टाळी वाजवल्यासारखे हात जोडले. "झालं तर मग. आजी मोकळ्या, मास्तरांना सोमवारी खाली घेऊ. तक्ता बरोबर झाला."

"तक्ता बरोबर झाला," आत्या म्हणाली. "तुम्ही कधी होणार?"

तो गडबडला. ती थांबली नाही. ती कधीच ओरडत नाही. बत्तीस वर्षं कानाला लावून बोलायची सवय, तिचा आवाज हळू होत जातो आणि माणसाला पुढे वाकून ऐकावं लागतं. तो पुढे वाकला. "मी सोळा दिवस आत बसले ती चुकीने बसले, असं तुम्ही म्हणताय. मला ते मान्य नाही. आकडा बरोबर असता तरी ती चूकच होती. मास्तर पडले, हा आकडा आहे. आकडा खरा आहे. त्या आकड्याला दाराला कडी घालायला कुणी सांगितलं? मास्तरांना कुणी विचारलं का, तुम्ही कुठे पडलात?"

व्यवस्थापकाने मास्तरांकडे पाहिलं. मला वाटतं, त्या दिवसात पहिल्यांदाच पाहिलं. मास्तर म्हणाले, दोन्ही वेळा न्हाणीघरात. दुसऱ्या मजल्याच्या. तिथे नळाखाली पाणी साचतं आणि धरायचा दांडा भिंतीतून निघून आलाय. त्यांनी दोनदा लिहून दिलं होतं.

मी नोंदवाल्या बाईंना कोण कुठे पडलं त्या नोंदींची वही मागितली. त्यांनी कपाटातून आणली आणि मग आपणहून मोठ्याने वाचायला लागल्या, बोट ठेवून, तारखेसकट. तीन महिन्यांत एकूण तेवीस वेळा माणसं पडली होती. चौदा वेळा त्याच न्हाणीघरात. सहा वेळा खाटेवरून उतरताना. दोनदा जिन्यात. एकदा या ऑफिसच्या उंबऱ्यावर. बाई पानं उलटत राहिल्या, मागे गेल्या, पुढे आल्या. गेटच्या बाहेर पडलेलं एकही माणूस सापडेना.

म्हणजे बाहेर रस्ता होता, रहदारी होती, खड्डे होते, आणि तिथे कुणी पडलं नव्हतं. पडत होते ते आत, आणि पडलेल्यांना आम्ही आतच कोंडत होतो. माझा राग एकदम कुठे गेला कळेना, त्या जागी काहीतरी थंड आणि पक्कं आलं. मी नियम पुन्हा उघडला आणि त्याची हद्द कापली. फक्त 'किती वेळा' रकाना, दुसऱ्या ओळीपासून एकतिसाव्या ओळीपर्यंत. बाकी सगळा तक्ता पांढरा झाला. नावं काळ्या अक्षरात पांढऱ्यावर, तिसाच्या तीस.

व्यवस्थापक म्हणाला, मॅडम, नावं लाल हवीत. वहीचं मी बघतो, दांड्याचंही बघतो, पण सोमवारी आठ जणांना खाली न्यायचंय, यादी हवी, रंगाने सोयीचं पडतं. मी म्हटलं, माझ्या हाताने होणार नाही. तो म्हणाला, ठीक आहे, बाई करतील, त्यांना येतं.

बाईंनी वही छातीशी धरली होती. त्या म्हणाल्या, "मला येत नाही, साहेब."

"अहो, तुम्हीच तर केलं होतं."

"विसरले," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं की आत्यालाही त्यांच्याकडे वळून पाहावं लागलं.

मग मी खुर्चीतून उठले आणि ती व्यवस्थापकापुढे ढकलली. म्हटलं, हाताने करा. मी रंगाची खूण दाखवते, सोपं आहे. एकेक नाव निवडा. मास्तर समोरच आहेत, त्यांना बसवा, त्यांना सांगा की मी तुम्हाला बाहेर जाऊ देणार नाही, का ते सांगा, मग त्यांच्यादेखत रंगवा आणि शेऱ्यात तुमचं नाव लिहा. हाताने दिलेला रंग आता राहील. वरून कुणी बसणार नाही, खालून कुणी सरकवणार नाही. तो तुमचा असेल.

तो खुर्चीत बसला. त्याने माऊस धरला, हे मी त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. मास्तर समोर बसले, गुडघ्यावर हात ठेवून, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पालकासारखे. व्यवस्थापकाने मास्तरांच्या नावावर टिचकी मारली. मग त्याने मास्तरांना विचारलं की पडलात तेव्हा लागलं का फार. मास्तर म्हणाले, पहिल्या वेळी कोपर, दुसऱ्या वेळी फारसं नाही, पण उठायला वीस मिनिटं लागली, कुणी आलंच नाही. त्याने माऊसवरचा हात काढला. शेवटी म्हणाला की सोमवारचं नंतर बघू, आधी मंडळापुढे ही वही ठेवतो. तक्ता बंद करताना त्याने 'बदल जतन करायचे का' याला 'हो' म्हटलं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

पाचला दहा मिनिटं होती. मी नवीन कागद छापून घेतला, गेटवर गेले आणि जुना काढून तो पिशवीत घातला. गेटवाल्याने तो वर धरला, उलटा करून पाहिला. त्याची खरोखरच पंचाईत झाली.

"यात नावांना रंगच नाही. मग मी ओळखू कसं, कोणाला सोडायचं आणि कोणाला नाही?"

"विचार," आत्या म्हणाली. ती आणि मास्तर माझ्या मागून येऊन उभे होते.

गेटवाला माझ्याकडे बघायला लागला. मी मुद्दाम रस्त्याकडे तोंड केलं. तो उठून उभा राहिला. इतके दिवस तो बसूनच नाही म्हणत होता. घसा साफ करून त्याने आत्याला विचारलं, "बाई, जाल ना नीट?"

"जाईन."

त्याने गेटवरच्या वहीत वेळ लिहिली. मग मास्तरांकडे वळला आणि जरा अडखळत म्हणाला, "मास्तर, तुम्हाला जमेल?"

मला वाटलं, आता मास्तर हो म्हणणार. म्हणायलाच हवं होतं. एवढं सगळं झालं ते कशासाठी? आत्याने हात किंचित पुढे केलाही होता. मास्तरांनी रस्त्याकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या पायाकडे. त्यांनी पाय थोडा उचलून टेकवून पाहिला, आणि सावकाश विचार केला. एवढा वेळ त्यांना गेल्या कित्येक महिन्यांत कुणी दिला नसेल.

"आज नाही," ते म्हणाले. "आज गुडघा धरलाय. उद्या विचार."

"उद्या विचारतो," गेटवाला म्हणाला आणि त्याने तसं वहीत लिहिलं.

मास्तर वळले आणि पाय ओढत, पण मान ताठ ठेवून, आपल्या आपण आत निघाले. कुणी त्यांना आत पाठवलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि माझे डोळे भरून आले. ते मी पुसलेही नाहीत, कारण मी कशाला पुसू.

आत्या तोवर गेट ओलांडून गेली होती. मी मागे धावले तर ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

"तू कुठे निघालीस?"

मी म्हटलं, सोळा दिवसांनी पहिल्यांदा जातेस, म्हणून.

"त्याने मला विचारलं, मी जाईन म्हटलं," आत्या म्हणाली. "तुला कुणी विचारलं?"

मी गेटपाशी थांबले.